राजधानी गेली, दोन कारभारी राहिले : नागपूरची नगरपालिका, महापालिका आणि नासुप्र

सीताबर्डीकर (धागाकर्ता)

पुण्या-मुंबईच्या मित्रांशी नागपुरातल्या घराबद्दल, प्लॉटबद्दल बोलणं निघालं की थोड्याच वेळात ठरलेला प्रश्न येतो : "महापालिका आहे ना तुमच्याकडे? मग हे नासुप्र काय आहे?" नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, महापालिकेशिवाय शहरात असलेली दुसरी संस्था. ती का आहे, याचं उत्तर आजचे नियम वाचून मिळत नाही. हे शहर १८६१ पासून १९५६ पर्यंत एका प्रांताची राजधानी होतं आणि राजधानी म्हणूनच त्याचा कारभार उभा राहिला, हे लक्षात घेतलं की गाठ सुटते. म्हणून हा धागा.

बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वस्त्या जोडून नगर वसवलं, भोसल्यांनी ते वाढवलं, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. २ नोव्हेंबर १८६१ ला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत झाला आणि चीफ कमिशनरचं ठाणं नागपूरला आलं. त्यानंतर तीनच वर्षांत, १८६४ मध्ये, नगरपालिका स्थापन झाली. हद्द साधारण साडेपंधरा चौरस किलोमीटर, लोकसंख्या ८२ हजारांच्या आसपास. झाडलोट, दिवाबत्ती, पाणी एवढीच कामं आणि तीही सरकारी मदतीने. लोकांनी मागणी केली म्हणून ही संस्था झालेली नाही. सरकारला आपली राजधानी राहण्यालायक हवी होती म्हणून ती झाली. निवडून आलेल्या सभासदांना हळूहळू जागा मिळाली ती १८८२ च्या रिपनच्या ठरावानंतर. पुढे सर गंगाधरराव चिटणविसांसारखे लोक अध्यक्ष झाले.

त्या काळी नागपुरात दोन शहरं नांदत होती. मधे सीताबर्डीची टेकडी आणि १८६७ मध्ये आलेली रेल्वे. पूर्वेला महाल, इतवारी, शुक्रवारी, हंसापुरी. पश्चिमेला सिव्हिल लाईन्स. तिथे बंगले, झाडं, रुंद रस्ते, आणि त्या सिव्हिल स्टेशनसाठी वेगळी उपसमिती. एकाच गावात गोऱ्या साहेबाच्या वस्तीचा हिशेब निराळा आणि विणकर, कोष्टी, गिरणी कामगारांच्या वस्तीचा निराळा. जमिनीचा बराच भाग नझूल, म्हणजे मालक सरकार आणि लोक पट्टेदार. आजही नागपुरात घर विकत घेताना वकील आधी विचारतो, "नझूलचं आहे का?"

आता मुख्य मुद्दा. १९३६ मध्ये प्रांतिक सरकारने नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा केला. आपलं नागपूर सुधार प्रन्यास, नासुप्र, ते हेच. एम्प्रेस मिल १८७७ पासून सुरू होती, मजूर येत होते, जुन्या शहरात दाटी झाली होती, नगरपालिकेकडे पैसा नव्हता आणि इंजिनीयरही नव्हते. प्रन्यासाने जमीन संपादन करायची, रस्ते-गटारं काढायची, प्लॉट पाडून पट्ट्याने द्यायचे आणि आलेल्या पैशात पुढची योजना करायची. हा नमुना मुंबईचा. तिथे प्लेगनंतर १८९८ मध्ये असा ट्रस्ट झाला होता. पण मुंबईने आपला ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन केला! मुंबईत ही व्यवस्था गुंडाळल्यावर तीन वर्षांनी नागपुरात ती सुरू झाली, आणि आजही आहे.

१९५१ च्या मार्चमध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. कायद्याचं नाव सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन ॲक्ट, १९४८. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. हो, मुंबईच्या स्टेडियमला ज्यांचं नाव आहे तेच. पुढच्या पाच वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, राजधानी भोपाळला गेली आणि आपण मुंबई राज्यात आलो. सचिवालय रिकामं झालं. पण नझूल, नासुप्र आणि स्वतंत्र कायदा, हे सगळं इथेच राहिलं. राजधानीसाठी केलेली मांडणी राजधानी गेल्यावर कोणी उलगडून पुन्हा नीट लावलीच नाही, आणि नागपूरकरांच्या अर्ध्या अडचणींचं मूळ तिथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

---

इतवारीकर

भाऊ, मनापासून धन्यवाद. आमच्या भागात हा विषय कोणी काढतच नाही, कारण जुन्या शहरात नासुप्रचा संबंध कमी. चितार ओळ, सराफा ओळ, किराणा ओळ, ही सगळी वस्ती प्रन्यासाच्या आधीची. आमच्यासाठी सरकार म्हणजे महालातलं टाऊन हॉल. लहानपणी बाबांच्या मित्रांसोबत आमसभा पाहायला प्रेक्षक गॅलरीत बसलेलो आहे. एका नळाच्या तोटीवरून तासभर भांडण चालायचं, पण ज्या मोहल्ल्याची तोटी होती त्या मोहल्ल्याचं नाव तिथल्या इतिवृत्तात लिहिलं जायचं. मला तेव्हा त्याचं फार अप्रूप वाटायचं.

तुम्ही पैशाचा मुद्दा थोडक्यात सोडला, तो मी पुरा करतो. महापालिकेची खरी ताकद होती जकात. कामठी रोड, वाडी, सगळीकडे नाके. ट्रक थांबायचे, पावत्या फाटायच्या. व्यापारी म्हणून आम्हाला ते जाचक होतं हे मी नाकारत नाही. पण तो पैसा शहराचा होता, रोजच्या रोज यायचा. एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि २०१७ मध्ये जीएसटी. आता राज्य सरकारकडून भरपाईचा हप्ता आला की महापालिकेचा गाडा चालतो. १८६४ मध्ये सरकारी मदतीवर सुरू झालेली संस्था फिरून तिथेच आली, याचं वाईट वाटते.

---

अनुजा_कोथरूड

उत्तम धागा. एक शंका : आमच्याकडे पीएमआरडीए आहे, मुंबईत एमएमआरडीए आहे, ही महानगर प्रदेश विकास प्राधिकरणं. मग नागपूरचं वेगळेपण काय?

---

सीताबर्डीकर

अनुजाताई, पीएमआरडीए मुख्यतः महापालिकांच्या हद्दीबाहेर नियोजन बघते. नासुप्र शहराच्या पोटात काम करत आलं. म्हणजे एकाच रस्त्याच्या अलीकडच्या घराला नकाशा मंजूर करायला महापालिका आणि पलीकडच्या घराला नासुप्र, असं वर्षानुवर्षं चाललं. २००२ च्या सुमारास राज्य सरकारने शहराचं नियोजन प्राधिकरण म्हणून महापालिकेला नेमलं, पण प्रन्यासाच्या सात योजनांचा भाग त्यातून वगळला. शहराबाहेरच्या भागासाठी पुढे एनएमआरडीए, म्हणजे नागपूरचं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, झालं, त्यामुळे आता तीन पाट्या आहेत.

आणखी एक फरक महत्त्वाचा. महापालिकेला महापौर आहे, सभा आहे, नगरसेवक आहे. नासुप्रचा सभापती सरकारने नेमलेला अधिकारी असतो. विश्वस्त मंडळात महापालिकेचे प्रतिनिधी बसतात, पण पाच वर्षांनी मतदान करून सभापती बदलण्याची सोय नागरिकाला नाही.

---

मानेवाडा_रिंगरोड

दक्षिण नागपुरात राहणाऱ्यांना हा विषय पुस्तकातून वाचावा लागत नाही, तो कपाटातल्या फाइलीत असतो. आमच्या घरची फाइल समोर ठेवून लिहितोय.

सगळ्यात खाली १९८० च्या दशकातलं विक्रीपत्र. एका शेतकऱ्याची जमीन, ती एका गृहनिर्माण संस्थेने घेतली, प्लॉट पाडले आणि विकले. त्यासोबत निळ्या शाईतला लेआउटचा नकाशा, घड्यांवर फाटलेला. नकाशात बगीचा दाखवलाय, शाळेची जागा दाखवलीय, नऊ मीटरचा रस्ता दाखवलाय. मंजुरीचा शिक्का कुठेच नाही. त्या काळी शेकडो लेआउट असेच पडले आणि गिरण्यांतले कामगार, शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी, ज्यांना बजाजनगर-लक्ष्मीनगरमधला नासुप्रचा पट्ट्याचा प्लॉट परवडत नव्हता त्यांनी ते घेतले. हे लोक अतिक्रमण करणारे नव्हते. त्यांनी पैसे मोजून, नोंदणी करून जागा घेतली होती.

मग २००१ चा गुंठेवारी कायदा, असे मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करण्याचा. नागपुरात कोणालाही विचारा, "५७२ मधला का १९०० मधला?" म्हणजे तुमचा लेआउट नियमितीकरणाच्या कोणत्या यादीत आहे. अर्ज नासुप्रकडे, त्यानंतर डिमांड नोट, विकास शुल्क भरायचं, आणि मग मिळतं ते आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. आमच्या फाइलीत ते सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. आरएल नसेल तर बँक कर्ज देत नाही, नकाशा मंजूर होत नाही, गिऱ्हाईक हात लावत नाही. मालमत्ता कराची पावती मात्र दरवर्षी महापालिकेची. म्हणजे विकास शुल्क एका ठिकाणी, घरपट्टी दुसऱ्या ठिकाणी. गटार तुंबलं की पहिला प्रश्न हाच : हा लेआउट नासुप्रकडून महापालिकेकडे हस्तांतरित झालाय का?

सीताबर्डीकर म्हणतात ते पटतं. हे आमच्या पिढीचं दुखणं नाही, १९३६ पासून चालत आलेलं आहे.

---

भोपाळची_मराठी

तुमचा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात होते. १९५६ मध्ये बदलीचा हुकूम आला आणि घरातलं सगळं सामान बांधून ही मंडळी भोपाळला आली. नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबं अशीच इथे आली आणि इथलीच झाली. आजी शेवटपर्यंत "आपल्या गावी" म्हणजे धंतोली म्हणायची, आणि तिच्याकडच्या जुन्या पाकिटांवर धंतोलीचा पत्ता क्रॅडॉक टाउन असा होता. चीफ कमिशनर क्रॅडॉकच्या नावावरून.

त्या प्रांतातल्या नगरपालिकांबद्दल एक मोठी गोष्ट राहून जाते, म्हणून इथे जोडते. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची ठिणगी पडली जबलपूरच्या नगरपालिकेत. तिथल्या टाऊन हॉलवर तिरंगी झेंडा लावण्यावरून सरकार आणि नगरपालिका समोरासमोर आले. लोकांनी निवडलेली संस्था आपल्या इमारतीवर आपला झेंडा लावू शकते की नाही, हा तो प्रश्न होता. तिथून लढा राजधानीत, नागपूरला आला. जमनालाल बजाज पुढे होते, देशभरातून सत्याग्रही आले आणि तुरुंगात गेले, शेवटी नेतृत्वाला सरदार पटेल आले. एका नगरपालिकेच्या छतावरून सुरू झालेला हा लढा.

---

सीताबर्डीकर

भोपाळताई, ही भर फार मोलाची आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हे खातं लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलं होतं, १९२२ मध्ये प्रांताचा नवा नगरपालिका कायदा झाला. कागदावर अधिकार वाढत होते आणि झेंड्याच्या प्रश्नावर मात्र डेप्युटी कमिशनरचाच शब्द चालत होता. नगरपालिका किती स्वतंत्र, हे त्या एका प्रसंगातून स्वच्छ दिसतं.

---

गोरेवाडा_तलाव

पाण्याशिवाय नगरपालिकेचा इतिहास पुरा होत नाही. अंबाझरीचं पाणी भोसल्यांच्या काळापासून महालाकडे यायचं. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी बांध वाढवला आणि तिथून शहराला नळाने पाणी मिळू लागलं. तलाव उंचावर आणि शहर उतारावर, म्हणून पाणी आपोआप खाली यायचं. तेलंगखेडी सिव्हिल लाईन्सच्या उपयोगी आली. मग गोरेवाडा, मग कन्हान नदी. शेवटी पेंच. नवेगाव खैरीहून कालव्याने येणारं पाणी महादुल्याजवळ उचलून शहराकडे येतं. ८२ हजारांचं गाव २०११ च्या जनगणनेत २४ लाखांवर गेलं, तेव्हा पाणी आणायला इतकं लांब जावं लागलं.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. २०१२ पासून पाण्याचं वितरण २५ वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटरकडे आहे. चोवीस तास पाणी हे त्याचं उद्दिष्ट, आणि पहिला प्रयोग धरमपेठेत झाला. यावर प्रत्येक झोनचं मत वेगळं असणार. दुसरी गोष्ट अभिमानाची : भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या वीज केंद्राला विकलं जातं. आपल्या गटाराच्या पाण्यावर वीज केंद्र चालतं आणि तेवढं पेंचचं पाणी पिण्यासाठी वाचतं. देशात फार थोड्या शहरांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर हे केलंय. निंदा करताना याचीही आठवण ठेवा.

आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांच्या पावसात अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्याखाली. तलाव, सांडव्याखालचं पात्र, काठावरची बांधकामं, पूल, हे सगळं एकाच पाण्याचं. पण परवानग्या वेगवेगळ्या टेबलांवरून दिलेल्या. धाग्याच्या विषयाचा याहून मोठा पुरावा नको.

---

शंकरनगरचा

मला थोडं दुसऱ्या बाजूने बोलायचंय. नासुप्रला दूषणं देणं सोपं आहे. पण पश्चिम नागपूर डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मीनगर, बजाजनगर, शंकरनगर : सरळ रस्ते, मैदानं, घरापुढे झाडं. स्वातंत्र्याच्या आगेमागे एवढं नियोजन किती शहरांत झालं? नगरपालिकेच्या भरवशावर राहिलो असतो तर हाही भाग दाटीचा झाला असता. नगरसेवक पाच वर्षांचा विचार करतो, प्रन्यास तीस वर्षांचा. संस्था चांगली होती, तिचा काळ चांगला होता.

---

मानेवाडा_रिंगरोड

शंकरनगरकर काका, तुमचे रस्ते सरळ आहेत हे खरं. पण त्याच प्रन्यासाच्या हद्दीत, त्याच काळात, आमचे शेकडो लेआउट मंजुरीशिवाय उभे राहिले. ज्याला पट्ट्याची किंमत परवडली त्याला नियोजन मिळालं, बाकीच्यांना वीस वर्षांनी डिमांड नोट. सिव्हिल लाईन्स एकीकडे आणि हंसापुरी दुसरीकडे, हीच जुनी वाटणी रिंग रोडपर्यंत आली. तीस वर्षांचा विचार करणाऱ्या संस्थेला आमच्यासारख्या मजुरांच्या वस्तीचा विचार का करता आला नाही?

---

शंकरनगरचा

प्रश्न रास्त आहे. मजुरांसाठी योजना झाल्या, पण शहर ज्या वेगाने वाढलं त्याच्या कितीतरी मागे राहिल्या. हे मान्य. तरीही माझा आग्रह एवढाच की विलीनीकरण करताना प्रन्यासाकडचं तांत्रिक कसब आणि नकाशे धुळीत जाऊ देऊ नका.

---

इतवारीकर

विलीनीकरणाचं म्हणाल तर ते एकदा झाल्यातच जमा होतं. २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने नासुप्र बरखास्त करायचं ठरवलं. सरकार बदललं, निर्णय फिरला. बर्डीवर चहाच्या टपरीवर रोज एकच चर्चा, "राह्यलं का गेलं?" लोकांच्या डोक्यावर प्लॉटचं कर्ज आहे राजेहो, त्यांना कळायला नको का की कागद कोणाकडे न्यायचा?

---

अनुजा_कोथरूड

आणि महापालिकेत तरी लोकांचं राज्य आहे का? निवडणुका रखडल्या होत्या ना?

---

सीताबर्डीकर

हो ताई, आणि माझ्या मते हा सगळ्यात गंभीर भाग आहे. २०१७ मध्ये ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडून आले. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि प्रशासक बसला. राज्यात सगळीकडेच असं झालं. पण नागपुरात त्याचा अर्थ जास्त बोचरा, कारण नासुप्रचा कारभार आधीच अधिकाऱ्याच्या हाती. त्या काळात शहराच्या दोन्ही संस्थांत अंतिम सही लोकांनी निवडलेल्या माणसाची नव्हती. सभा नाही, स्थायी समिती नाही, इतवारीकर म्हणतात तसं नळाच्या तोटीवरचं भांडणही नाही. चांगले आयुक्त येतात आणि काम करून दाखवतात, २००० नंतर टी. चंद्रशेखर असताना रस्ते रुंद झाले ते नागपूर विसरलेलं नाही. पण आयुक्ताची बदली होते आणि त्याने सुरू केलेलं मागे पडतं.

महापौराला खरे अधिकार देण्याचा प्रयोगही इथे होऊन गेलाय. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात 'मेयर इन कौन्सिल' आणलं, तेव्हा देवेंद्र फडणवीस नागपूरचे महापौर होते. महापौर आणि त्याचं मंडळ कार्यकारी प्रमुख, आयुक्त त्यांच्या हाताखाली. वर्षभरात, १९९९ मध्ये, ती पद्धत रद्द झाली. चांगली की वाईट हे ठरायला जेवढा वेळ लागतो तेवढाही तिला मिळाला नाही. पुढे २०१२ मध्ये नागपूरचा स्वतंत्र कायदाही गेला आणि आपण राज्याच्या समान महापालिका कायद्याखाली आलो. प्रांताच्या काळातला एक धागा तेव्हा तुटला, नासुप्रचा १९३६ चा कायदा मात्र तसाच राहिला.

शंकरनगरकर आणि मानेवाडा, तुमच्या दोघांच्या म्हणण्यात मला विरोध दिसत नाही. मला हवं ते असं : आधी प्रत्येक लेआउटची यादी जाहीर करा, कोणता हस्तांतरित झाला, कोणता नाही, कोणत्या मैदानावर कोणाची मालकी. मग नासुप्रचे नकाशे, पट्ट्यांच्या नोंदी, आरएलच्या फायली आणि ते जाणणारे कर्मचारी महापालिकेच्या नगररचना विभागात आणा. विकास शुल्क ज्या लेआउटमधून घेतलं, त्या लेआउटच्या गटार-रस्त्यावर किती खर्च झाला ते झोन कार्यालयाच्या फळ्यावर लावा. हे सगळं आमसभेपुढे येऊ द्या, टाऊन हॉलमध्ये, प्रेक्षक गॅलरी उघडी ठेवून.

---

मानेवाडा_रिंगरोड

यादीच्या कामाला मी तयार आहे. आमच्या रस्त्यावरच्या लोकांकडे ५७२ आणि १९०० दोन्हींतली कागदपत्रं आहेत. नकाशातली शाळेची जागा आणि बगीचा आज जमिनीवर कुठे आहे, हे आधी आमच्याच लेआउटमध्ये मोजून बघतो आणि इथे टाकतो. हुडकेश्वर-नरसाळ्याकडे कोणी राहत असेल तर कळवा, तो भाग महापालिकेत उशिरा आलाय, तिथली स्थिती निराळी असणार.

---

गोरेवाडा_तलाव

हुडकेश्वरला माझी बहीण राहते. तिच्याकडून पाण्याच्या जोडणीची आणि कराच्या पावतीची माहिती घेऊन या आठवड्यात लिहितो.